एका ओळीतला पिच्चर आणि परतीचे डबे

नात दिवाळीला आली ती कपडे कमी आणि काळजी जास्त घेऊन आली. परभणीला गाडीतून उतरली, बापाच्या घरी न जाता ऑटो केला आणि सरळ माझ्याकडे पिंगळीला. बॅग ओट्यावर टाकली, पाणी पिलं आणि म्हणाली, "आबा, मला एक वाक्य पाहिजे."

मला वाटलं, लेकरू उन्हातून आलंय, डोकं तापलंय.

ती पुण्यात राहते. सिनेमाच्या गोष्टी लिहायचं शिकली आणि तेच धरून बसली आहे. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, परभणीत मास्तर आहे. त्याला ते काम वाटत नाही, नाद वाटतो. मुंबईतल्या एका बाईंना पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत घरच्या सगळ्यांनी मिळून बघावा असा सिनेमा काढायचा होता. त्यांनी नातीला सांगितलं होतं, गोष्ट आधी एका वाक्यात सांग, वाक्य पटलं तर पुढचं ऐकते. तिची आधीची वाक्यं बाईंनी नापास केली होती. आता भाऊबीजेला सकाळी त्यांचा फोन येणार होता, आणि तो शेवटचा. कारण पोरीनं बापाला शब्द दिला होता की यावेळी जमलं नाही तर लिहिणं बंद, बी.एड.ला नाव घालते.

"मंग बी.एड. काय वाईट हाय?" मी विचारलं.

"वाईट नाही, आबा. पण ते माझं नाही."

घरात आता बोलायला कुणी नाही, त्यामुळे कुठं गप्प बसायचं ते मला नीट कळेनासं झालंय. पण तिथं गप्प बसलो ते बरं केलं.

मी चौथी पास. परभणीच्या धान्याच्या मोंढ्यात मापाडी होतो, म्हणजे आडतीवर शेतकऱ्याचा माल काट्यावर घालून वजन सांगायचं. माझं लिहिणं म्हणजे पोत्यावर खुणा करणं. हे लिहायलोय तेही नातीच्या मागं लागण्यामुळं. शब्दांच्या चुका तिनं काढल्यात, तोंड माझं आहे.

तिची आजी उन्हाळ्यात गेली. ही पहिली दिवाळी. आमच्याकडे ज्या घरचं माणूस गेलं त्या घरात त्या वर्षी दिवाळीला कढई चढत नाही. तळण नाही, आकाशकंदील नाही. पण घर कोरडं ठेवायचं नाही म्हणून शेजारपाजार आणि भावकी डब्यात फराळ भरून आणून देतात. मुलगा म्हणत होता, परभणीला चला. मी म्हणालो, तिचं घर बंद ठेवून मी कुठं येत नाही. तर घरात मी, नात आणि तिचं ते वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिनं ते वाचून दाखवलं. "'दिवाळीच्या निमित्ताने एकत्र आलेल्या कुटुंबाला नात्यांचा खरा अर्थ नव्याने उमगतो.'"

"झालं?"

"झालं."

"आगं, हे तर लग्नपत्रिकेवरबी छापत्येत."

ती हिरमुसली. पण मला कुतूहल लागलं. तीन तासाचा पिच्चर, त्यात गाणी, मारामारी, रडणं, आणि हे सगळं एका वाक्यात कसं मावतं? मी तिला तेच विचारलं. ती म्हणाली, "मावत नाही. मावायचं नसतंच. कुणाला तरी काहीतरी पाहिजे असतं, आणि काहीतरी आडवं येतं. एवढंच वाक्यात असतं. ते नीट बसलं की ऐकणारा म्हणतो, 'मग?' तो 'मग' आला की काम झालं."

"आन् शेवट?"

"शेवट सांगायचा नसतो."

हे ऐकून मला हसू आलं. तिची आजी शेवट कळल्याशिवाय टॉकीजमध्ये पाय टाकत नव्हती. परभणीला आम्ही पिच्चरला गेलो की आधीच्या खेळातून बाहेर पडणाऱ्या बायकांना गाठून विचारायची, "शेवटी कोण मरतंय का?" मरत असलं तर परत फिरायची, मला भजी खायला घालायला लावायची आणि घरी. अर्ध्या पिच्चरांची मला नुसती पोस्टरं माहीत आहेत.

मग मीही तिला अक्कल शिकवली. मोंढ्यात व्यापारी सगळं पोतं उपसून बघत नाही. पोत्यात लोखंडी नळी खुपसतो, मूठभर धान्य बाहेर काढतो आणि त्या मुठीवर भाव करतो. मी म्हणालो, "तुझं वाक्य म्हंजे ती मूठ. मंग मुठीत चांगला माल येऊ दे की. भारी भारी घाल."

तिनं माझं ऐकलं. दुपारपर्यंत बसून नवीन केलं. त्यात अमेरिकेहून आलेला मुलगा होता, त्याची गोरी बायको होती, लहानपणी जत्रेत हरवलेला भाऊ होता आणि जमिनीची वाटणी होती. वाचता वाचता तिलाच दम लागला.

"कसंय?"

"लय झालं. ह्याच्यात कोण कुणाचा कोण हे कळायच्या आत दिवाळी सरंल."

"तुम्हीच म्हणालात भारी भारी घाल!"

"म्हणलो व्हतो. चुकलं माझं. मला काय कळतंय पिच्चरातलं?"

आणि खरंच कळत नव्हतं. म्हणूनच सोडवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तर रांगेत उभ्या माणसांकडे मी तसंच बघायला लागलो. याला काय पाहिजे? याच्या आडवं काय आलंय? दूधवाल्याला पाणी घालायचंय, पण बायको देवभोळी. समोरच्या वहिनींना सून पाहिजे, पण सून आली तर चूल कुणाची हा प्रश्न. घरी येऊन नातीला हे सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, "आबा, तुम्ही धंद्यात माझ्या पुढे जाल."

"मंग माझं सांग बरं," मी म्हणालो. "मला काय पायजे?"

तिनं हसणं आवरलं आणि चहाची भांडी उचलली. ते मलाही सांगता येत नव्हतं. जे पाहिजे ते मिळायचं नाही, आणि जे मिळतं ते नको वाटतं. एवढंच मला कळत होतं, आणि त्याचा पिच्चर होत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, तिनं तिसरं वाक्य वाचलं. "'आजीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवाळीत...'"

"थांब."

"पुढे ऐका तर."

"न्हाई ऐकत. आजीला पहिल्याच शब्दात मारून टाकलीस. तिला आत येऊन बसू तरी दे."

मी उठलो आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तिथं सीताफळाचं झाड आहे. ते कुणी लावलेलं नाही. नातीची आजी सीताफळ खायची आणि बिया तिथंच थुंकायची, त्यातून आलं. मी त्या बियांवरून तिच्यावर किती ओरडलो असेन. आता झाड एवढं आलंय की भिंतीवरून मागच्या गल्लीत डोकावतंय.

नात मागून आली. "सॉरी, आबा."

"मला एक सांग," मी म्हणालो. "कुणीतरी मेल्याबगर तुमची गोष्ट सुरूच व्हत न्हाई का?"

ती विचार करून बोलली, ते मला आवडलं. "होते. पण घर जसं चाललंय तसं चालत राहिलं तर त्याची गोष्ट होत नाही. काहीतरी थांबायला लागतं."

"मंग थांबलंय ते सांग की. गेल्याचं कामून सांगायलीस?"

"म्हणजे?"

"मला काय मालूम? तू शिकलेली हायेस."

मला खरंच माहीत नव्हतं. रागाच्या भरात तोंडातून निघालं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी डबे यायला लागले. आधी समोरच्या वहिनी आल्या. पन्नाशीच्या बाई, आवाज स्टेशनावरच्या भोंग्यासारखा. "भाऊजी, घ्या. करंज्या फुटल्यात, पण चवीला बऱ्या हायेत. आन् चकल्या कडक झाल्या असतील तर मला सांगू नका, तुमच्या दातावर घाला."

"दात कुठं ऱ्हायलेत, वहिनी?"

"मंग चहात भिजवा. पोरीला खाऊ घाला, बगा कशी काठी झालीय."

त्यांच्या मागं भावकीतले आले, पलीकडच्या गल्लीतले आले, मोंढ्यातल्या एका जुन्या हमालाच्या घरून आला. स्टीलचे, पितळेचे, एक प्लास्टिकचा, एक तर कडीचा मोठा डबा. फराळ पितळी पातेल्यात ओतून ठेवला आणि डबे राखेनं घासून ओट्यावर पालथे घातले. पाडव्याला सकाळी बघतो तर ओटा डब्यांनी भरून गेला होता. मी तिथंच बसून राहिलो.

नात बाहेर आली. "काय बघायलात, आबा?" पुण्याची भाषा सोडून आमच्यासारखं बोलली म्हणजे तिला काळजी वाटत होती.

"हे परत द्यायचेत."

"मग देऊ. मी नेऊन देते."

"रिकामे?"

मग तिला सांगावं लागलं. तिच्या आजीच्या हातून कुणाचा डबा, कुणाची वाटी कधी रिकामी परत गेली नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, चार मिरच्या, कढीपत्त्याचा डहाळा. एकदा घरात खरंच काही नव्हतं, तर वहिनींच्या डब्यात काडेपेटी घालून पाठवली. वहिनी ते अजून सांगतात: "मला वाटलं, भाऊजींच्या घरी जाळपोळ करायला बोलवायलीय की काय!" पण दुःखाच्या वर्षात रीत उलटी आहे. दुःखाच्या घरातून डबा रिकामाच परत जातो. भरून दिला तर आपल्या घरचं दुःख त्यांच्या दारात पाठवल्यासारखं होतं. कुणी मुद्दाम सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. ती स्वतः दुसऱ्यांच्या दुःखाच्या वर्षात काय करायची? आपला डबा आणायला आपण जायची. न बोलता मांडणीवरून उचलायची, म्हणजे त्यांच्या हाताला रिकामा डबा द्यायची वेळ येत नाही.

"आता हे सगळे आपापले डबे न्यायला येतील," मी म्हणालो, "आन् मी बगत बसू. तिच्या घरातनं रिकामे डबे चाललेत हे मला बघवायचं न्हाई."

नात माझ्यासमोर उकिडवी बसली. "आबा, तुम्हाला काय पाहिजे?"

"डबे भरून द्यायचेत."

"आणि आडवं काय येतंय?"

"रीत. आन् मला काय करता येतंय? पिठलं."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं तोंडाला काही लागलंय. मग आत पळाली आणि फोन घेऊन आली. ती फोनमध्येच लिहिते, अंगठ्यानं.

त्या दिवसभर आम्ही ते वाक्य धुतलं. धुतलं म्हणजे खरंच धुतलं. एक शब्द काढायचा, पिळायचा, परत घालायचा. पहिल्यांदा तिनं लिहिलं, "स्वयंपाकाचा गंध नसलेला एक एकाकी वृद्ध."

"वृद्ध कोण? म्हातारा म्हण. आन् गंध नसलेला कसा? चहा येतो मला. पिठलं येतं."

"बरं. 'एकाकी' राहू दे?"

"एकाकी कशाला? घरात तू हायेस. शेजारी भोंगा हाय."

'एकाकी' गेलं. मग 'परंपरा' असा शब्द आला, तो मी काढायला लावला, कारण परंपरा म्हटलं की माणसाला भाषण आठवतं. 'फराळ' आधी की 'डबे' आधी यावर तर आमचं भांडण झालं. ती म्हणाली फराळ आधी पाहिजे, म्हणजे दिवाळी कळते. मी म्हणालो डबे आधी, कारण हातात डबा असतो. शेवटी 'दिवाळी' हाच शब्द आधी घातला आणि भांडण मिटवलं. एक शब्द मात्र सुटत नव्हता. आजीचं काय करायचं? तिच्याशिवाय वाक्य नुसतं गमतीचं होत होतं. तिला आधी घातलं की मला ऐकवत नव्हतं.

"शेवटी टाक," मी म्हणालो. "आधी डबे येऊ दे, म्हातारा येऊ दे, कढईचं येऊ दे. मंग तिचं. आन् 'मेली' म्हणू नको. डबे भरायची ती, तेवढंच म्हण."

तिनं लिहिलं. वाचलं. मग आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. मी बाहेर डबे परत एकदा पुसले. पुसायला काही नव्हतं.

भाऊबीजेला सकाळी फोन आला. घरात रेंज कमी, म्हणून नात ओट्यावर डब्यांच्या शेजारी बसली. आवाज मोठा केला, मलाही ऐकू यावं म्हणून. त्या बाई घाईत होत्या. "हं, बोल. एकच वाक्य."

पोरीनं एका दमात सांगितलं. "'दिवाळीत शेजाऱ्यांनी भरून दिलेले डबे एका म्हाताऱ्याला भरूनच परत करायचे आहेत, पण या वर्षी त्याच्या घरात कढई चढवायला मनाई आहे, कारण डबे भरून देणारी आता नाही.'"

नातीनं डोळे मिटून घेतले.

"मग?" बाई म्हणाल्या. "काय घालतो तो डब्यात?"

नातीनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. ते आमचं ठरलंच नव्हतं. वाक्याच्या नादात विसरून गेलो होतो.

मी म्हणालो, "अजून ठरायचंय म्हणावं."

"कोण बोलतंय?"

"माझे आबा," नात म्हणाली.

बाई मोठ्यानं हसल्या. "ठरलं की मला सांग. म्हणजे असं कर, येत्या सोमवारी ये आणि समोर बसून सगळं सांग."

फोन ठेवला. नातीनं एक डबा उचलून छातीशी धरला आणि म्हणाली, "आबा, 'मग' आला." मीही म्हणालो, "आला, आला." तिनं बापाला फोन लावला नाही, म्हणाली, सोमवार होऊ दे आधी.

तेवढ्यात समोरच्या वहिनी आल्या. आपला डबा न्यायला, स्वतः, न बोलता. म्हणजे येता येता बोलल्या, पण डब्याबद्दल नाही. ओट्यावर हात घातला आणि आपला पितळी डबा बरोबर ओळखून उचलला.

मी म्हणालो, "वहिनी, थांबा. असा न्हाई द्यायचा मला."

त्यांना लगेच कळलं. डबा त्यांनी पोटाशी धरला. "भाऊजी, घरातलं भरून न्हाई घेता येत. लग्नाचं पोरगं हाय माझ्या घरात. तुमाला मालूम हाय."

"हाय मालूम."

"मंग?"

नातीनं माझ्याकडे बघितलं. डब्यात काय घालायचं ते अजूनही ठरलं नव्हतं. वहिनी तशाच उभ्या होत्या, जाऊ की नको असं करत. मग त्यांची नजर मागच्या अंगणाकडे गेली. उघड्या दारातून झाड दिसत होतं.

"त्या सीताफळाला कुठं दुखवटा असतोय?" त्या म्हणाल्या. "ते काय घरातलं न्हाई. तुमी काय बी द्यायचं न्हाई. मी माझ्या हातानं तोडून घेते. तुमी नुसती फांदी वाकवा."

आम्ही तिघं मागं गेलो. आकडी लावून मी फांदी खाली ओढली. वहिनींनी मोठी मोठी, डोळे फाकून तोडणीला आलेली सीताफळं बघून तोडली आणि डब्यात घातली. झाकण लागेना इतकी घातली.

"अजून कच्ची हायेत," मी म्हणालो. "ज्वारीत घालून ठेवा, म्हंजे—"

"मला शिकवताव व्हय? त्या झाडाच्या बिया थुंकायला मीबी व्हते की तिच्यासंगं."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी एकटीवरच ओरडत होतो.

वहिनी गेल्या आणि गल्लीला सांगत गेल्या असणार, कारण दुपारपर्यंत एकेक जण डबा न्यायला आला तो सरळ मागच्या अंगणात. कुणी माझ्या हातातून काही घेतलं नाही. मी फांद्या वाकवत राहिलो, खांदा भरून आला. खालच्या फांद्या रिकाम्या झाल्या, वरची सीताफळं पाखरांना राहिली. ओटा मोकळा झाला.

नात झाडाखाली फोन घेऊन उभी होती. "आबा, हा शेवट बाईंना सांगू का?"

"सांग की."

"शेवट सांगायचा नसतो, असं मीच म्हणाले होते."

"ते वाक्यात," मी म्हणालो. "तुझ्या आजीला इचारलं असतंस तर आधी शेवट सांगावा लागला असता. आन् ऐकल्यावर तिनं तिकीट काढलं असतं, भजीबी मागितली नसती."